२५ एमबीच्या पुढची फाइल: नीट पाठवायची आणि पूर्ण पोचवायची कशी

दिवाळी अंकाची छपाईला द्यायची फाइल, लग्नाचा व्हिडिओ, एमआरआयची सीडी, जमिनीच्या जुन्या कागदांचे स्कॅन. यातलं काहीच मेलला जोडून जात नाही. मग घाईत जो मार्ग सापडेल त्यातून ते ढकललं जातं. समोरच्याला अर्धीच फाइल मिळते, किंवा लिंक उघडत नाही, किंवा फोटो इतके बारीक होऊन पोचतात की छापता येत नाहीत. कुठला मार्ग कुठे अडतो आणि का अडतो, ते इथे सविस्तर लिहितो आहे.

माझं ठाम मत असं की कोणती सेवा वापरायची हा प्रश्न सगळ्यात शेवटी यावा. आधी तीन गोष्टी बघायच्या: समोरचा माणूस त्या फाइलचं काय करणार आहे, ती एवढी मोठी असायची खरंच गरज आहे का, आणि आपल्या नेटचा अपलोडचा वेग किती आहे. या तिन्हींची उत्तरं मिळाली की मार्ग जवळजवळ आपोआप ठरतो.

मेल का अडतो

जीमेलमधून २५ एमबीपर्यंतची अटॅचमेंट जाते. त्याहून मोठी जोडली की जीमेल ती स्वतःच गूगल ड्राइव्हवर चढवतं आणि मेलमध्ये नुसती लिंक ठेवतं. पाठवताना एक खिडकी उघडते: ज्याला मेल जातोय त्याला ही फाइल बघायची परवानगी नाही, द्यायची का? घाईत ही खिडकी न वाचता पुढे गेलं की समोरच्याला मेल मिळतो, पण फाइल उघडत नाही.

ऑफिसच्या मेलची गोष्ट जरा वेगळी आहे. बऱ्याच ठिकाणी सर्व्हरवरची मर्यादा १० किंवा २० एमबीच ठेवलेली असते, आणि ती मोजली जाते फाइल मेलमध्ये बांधून झाल्यावर. ईमेल मुळात साध्या अक्षरांसाठी तयार झाला होता. त्यातून चित्रं आणि इतर फाइली पाठवायची सर्वमान्य पद्धत, माइम, १९९२ मध्ये आली. या पद्धतीत फाइलच्या दर ३ बाइटांची ४ अक्षरं केली जातात आणि दर ७६ अक्षरांनी ओळ तोडली जाते. त्यामुळे १० एमबीची फाइल वाटेत सुमारे १३.७ एमबीची होते. सर्व्हरची मर्यादा १० एमबी असेल तर प्रत्यक्षात ७.३ एमबीच्या आसपासच दार बंद होतं. ८ एमबीची पीडीएफ परत येते ती यामुळेच. आणि ही मर्यादा पाठवणाऱ्याची वेगळी, घेणाऱ्याची वेगळी. आपल्याकडून मेल गेला म्हणजे तिकडे शिरला असं समजू नका. नकाराचा मेल कधी कधी काही मिनिटांनी येतो, तोवर आपण लॅपटॉप मिटलेला असतो.

आधी वजन उतरवा

निम्म्याहून अधिक वेळा फाइल उगाचच मोठी असते, म्हणून या भागावर मी जास्त वेळ घालवणार आहे.

स्कॅनपासून सुरुवात करू. ए-४ आकाराचा कागद ३०० डीपीआयला, म्हणजे दर इंचाला ३०० ठिपके धरून, स्कॅन केला की २४८० गुणिले ३५०८ पिक्सेल होतात, म्हणजे सुमारे ८७ लाख. रंगीत ठेवला तर दाबण्याआधी, म्हणजे कॉम्प्रेस न करता, त्या एका पानाचे २६ एमबी होतात, करड्या छटांत ८.७ एमबी आणि निव्वळ काळ्या-पांढऱ्यात १.१ एमबी. टाइप केलेला करारनामा रंगीत स्कॅन करण्यात काहीच अर्थ नाही. स्कॅनरच्या सेटिंगमध्ये काळा-पांढरा पर्याय निवडून पीडीएफ केली तर दोनशे पानी दस्तसुद्धा साधारणपणे मेलच्या मर्यादेत बसतो. अपवाद आहे तो मोडीतल्या किंवा फिकट शाईच्या जुन्या कागदांचा. त्यात करड्या छटा किंवा रंग ठेवायलाच हवा, नाहीतर पुसट अक्षर, शिक्के आणि कागदाच्या घडीत गेलेली मात्रा कायमची जाते. तिथे आकाराची काटकसर करू नका, मार्ग बदला.

फ्लेक्सच्या डिझाइनमध्ये तर गंमतच होते. २० बाय १० फुटांचा फ्लेक्स ३०० डीपीआयला बनवला की ७२,००० गुणिले ३६,००० पिक्सेल होतात आणि सीएमवायकेमध्ये, म्हणजे छपाईच्या चार रंगांत, त्याचे दाबण्याआधी १०.४ जीबी भरतात. फोटोशॉपची साधी पीएसडी फाइल एका बाजूला ३०,००० पिक्सेल आणि एकूण २ जीबीच्या पुढे जातच नाही, आणि जेपेग एका बाजूला ६५,५३५ पिक्सेलवर थांबतं. म्हणजे ही फाइल सेव्ह करतानाच अडचण सुरू होते. रस्त्यापलीकडून बघायच्या फ्लेक्सला ७२ डीपीआय पुरतात. त्याच आकाराचे मग ६०० एमबी होतात, आणि उत्तम दर्जाचं जेपेग केलं की आणखी पुष्कळ कमी. हातात धरून वाचायच्या अंकाला मात्र ३०० डीपीआयच हवेत. फाइलचं पुढे काय होणार आहे हे आधी विचारा म्हणतो ते याचसाठी.

व्हिडिओत बिटरेटचा, म्हणजे सेकंदाला किती डेटा लागतो त्याचा, हिशोब चालतो. सेकंदाला ५० मेगाबिटने चित्रित केलेला व्हिडिओ मिनिटाला ३७५ एमबी आणि तासाला साडेबावीस जीबी खातो. एडिटिंग करणाऱ्याला तो तसाच द्यावा लागतो, त्याला दाबून दिलं तर रंग सुधारताना चित्र फाटतं. पण घरच्यांना टीव्हीवर बघायचा असेल तर ८ मेगाबिट भरपूर झाले, म्हणजे मिनिटाला ६० एमबी. हँडब्रेक हे मोफत सॉफ्टवेअर घ्या, त्यात 'फास्ट १०८०पी३०' हा तयार पर्याय निवडा आणि दर्जा ठरवणारा आरएफचा आकडा २२ वर असू द्या. आकार आणखी कमी हवा असेल तर २४ करा. २६ च्या पुढे गेलात की मांडवातल्या अंधाऱ्या कोपऱ्यांत चौकोनी ठिपके दिसायला लागतात.

एक गैरसमज मात्र इथेच मिटवायला हवा. जेपेग फोटो, एमपी-४ व्हिडिओ आणि चित्रांनी भरलेली पीडीएफ झिप करून लहान होत नाहीत, कारण ती आधीच दाबलेली असतात. झिपचा उपयोग तिथेही आहे, पण तो हजार फाइलींची एक फाइल करण्यापुरता. म्हणून अशा वेळी सेव्हन-झिप या झिप करायच्या सॉफ्टवेअरमध्ये कॉम्प्रेशन लेव्हल 'स्टोअर', म्हणजे न दाबता, ठेवा. उगाच अर्धा तास प्रोसेसर तापवायची गरज नाही.

अपलोडचा हिशोब

नेटचा प्लॅन सांगतो मेगाबिट, फाइल मोजली जाते मेगाबाइटमध्ये, आणि एका बाइटमध्ये ८ बिट असतात. शिवाय जाहिरातीतला वेग बहुतेक डाउनलोडचा असतो. वेग तपासणाऱ्या कुठल्याही साइटवर अपलोडचा आकडा वेगळा दिसतो, आपल्याला तोच हवा.

१५ जीबीचे लग्नाचे फोटो १० मेगाबिटच्या अपलोडने कागदावर ३ तास २० मिनिटांत चढतात, प्रत्यक्षात चार तास धरा. मोबाइलवर अपलोड ३ मेगाबिटच मिळत असेल तर ११ तासांच्या वर. आणि रोजच्या २ जीबीच्या पॅकवर हा उद्योग करूच नका. कोटा संपला की बऱ्याच प्लॅनवर वेग ६४ किलोबिटवर येतो, आणि त्या वेगाने १ जीबी जायला जवळजवळ ३५ तास लागतात. फाइल अडकली, सर्व्हर बिघडला असं वाटत राहतं, खरं तर पॅक संपलेला असतो.

मोठा अपलोड रात्री लावायचा असेल तर लॅपटॉप झोपणार नाही असं बघा: विंडोजमध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, पॉवर, आणि तिथे चार्जिंगवर असताना स्लीप 'नेव्हर'. राउटर इन्व्हर्टरच्या लाइनवर नसेल तर दोन मिनिटं वीज गेली तरी जोडणी तुटते. राउटरला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो, तो लावून टाका. आणि ब्राउझरच्या टॅबमधून दहा-पंधरा जीबी चढवण्यापेक्षा ड्राइव्हचं कॉम्प्युटरवरचं अॅप वापरा. टॅब चुकून बंद झाला की तिथलं काम थांबतं. अॅप मात्र नेट परत आल्यावर पुढचं काम स्वतः हाती घेतं.

ड्राइव्हची लिंक: सगळ्यात जास्त वापर, सगळ्यात जास्त गोंधळ

गूगल ड्राइव्हवर मोफत १५ जीबी मिळतात, पण ते जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो या तिघांत मिळून. २४ मेगापिक्सेलचा जेपेग साधारण १० एमबीचा धरला तर दीड हजार फोटोंत सगळी जागा संपते. जागा संपली की नवे मेल येणंही थांबतं, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. कामाचा मेल त्याच खात्यावर असेल तर मोठ्या फाइलींसाठी वेगळं खातं काढा, हा माझा आग्रहाचा सल्ला आहे. फाइल शेअर केल्यावर जागा मालकाचीच अडते, घेणाऱ्याची नाही. घेणाऱ्याने स्वतःच्या ड्राइव्हमध्ये तिची कॉपी केली तरच त्याची अडते.

फाइल चढली की तिच्यावर राइट क्लिक करून शेअर उघडा. खाली 'जनरल अॅक्सेस' दिसेल. 'रिस्ट्रिक्टेड' ठेवलं तर ज्यांचे ईमेल पत्ते वर घातले आहेत त्यांनाच फाइल उघडते. 'एनीवन विथ द लिंक' केलं तर लिंक हाती असलेल्या कुणालाही, गूगल खातं नसलं तरी. शेजारी 'व्ह्यूअर'च ठेवा. 'एडिटर' दिलं आणि समोरच्याने चुकून फोल्डरमधली फाइल हलवली किंवा बदलली, तर त्याचा परिणाम सगळ्यांवर होतो.

प्रेसवाल्याचा किंवा काकूंचा फोन येतो की 'अॅक्सेस मागतोय', तेव्हा बहुतेक वेळा दोनच कारणं असतात. एक तर लिंक रिस्ट्रिक्टेड राहिलेली असते, नाहीतर त्यांच्या फोनमध्ये दोन-तीन जीमेल खाती असतात आणि लिंक भलत्याच खात्यात उघडते. म्हणून लिंक पाठवण्याआधी ती स्वतः ब्राउझरच्या इनकॉग्निटो खिडकीत, जिथे आपलं खातं जोडलेलं नसतं, उघडून बघा. तिथे लॉगिन न मागता फाइल दिसली तर पुढे कुणालाही दिसेल. वीस सेकंदांचं हे काम कधीही वगळू नका.

फोल्डर शेअर करताना आणखी एक खड्डा आहे. समोरचा जेव्हा अख्खं फोल्डर डाउनलोड करतो तेव्हा ड्राइव्ह त्याच्या झिप बनवतं, आणि फोल्डर मोठं असेल तर साधारण २ जीबीच्या अनेक झिप होतात, नावाच्या शेवटी ००१, ००२ अशा. त्यातला एखादा मोठा व्हिडिओ कधी कधी झिपच्या बाहेर सुटा उतरतो. ब्राउझर विचारतो की या साइटला एकापेक्षा जास्त फाइली उतरवू द्यायच्या का. तिथे 'नाही' म्हटलं गेलं की पहिलीच झिप मिळते आणि माणूस सांगतो, निम्मे फोटो आलेच नाहीत. सगळ्या झिप उतरवून एकाच फोल्डरमध्ये उलगडायच्या, म्हणजे आतली मूळ रचना परत जुळते.

यावर चांगला उपाय म्हणजे आपणच झिप करून चढवणं. पण २० जीबीची एकच झिप करू नका, ती १९ जीबीवर तुटली तर सगळंच परत. हळद, लग्न, रिसेप्शन असे भाग पाडा आणि प्रत्येक भाग २ ते ४ जीबीच्या आत ठेवा. प्रत्येक झिप स्वतंत्रपणे उघडते, एक बिघडली तर तेवढीच पुन्हा पाठवायची.

फोनवरून अपलोड करताना 'वाय-फायची वाट बघत आहे' असं दिसून काम थांबलं, तर ड्राइव्ह अॅपच्या सेटिंगमध्ये फक्त वाय-फायवरच ट्रान्सफर करायचा पर्याय चालू आहे. तो बंद करण्याआधी पॅकमध्ये किती डेटा उरलाय ते बघा. वाय-फाय असूनही अपलोड मध्येच मरत असेल तर फोनची बॅटरी वाचवण्याची सोय अॅपला मागे झोपवत असते. तोवर चार्जर लावून अॅप समोर उघडं ठेवा.

१०० एमबीहून मोठ्या फाइलवर 'व्हायरस तपासता येत नाही' अशी सूचना येते. फाइलमध्ये काही वाईट असल्याची ती खूण नसते, आकारामुळे तपासणी होत नाही एवढंच. समोरच्याला हे आधी सांगून ठेवा, नाहीतर घाबरून तो तिथेच थांबतो. नुकताच चढवलेला व्हिडिओ ड्राइव्हमध्ये चालत नसेल तर तोही बिघडलेला नसतो. बघण्याची प्रत तयार व्हायला वेळ लागतो, मूळ फाइल तोवर डाउनलोड करता येते.

घरातल्या वडीलधाऱ्यांना फोटो दाखवायचे असतील तर ड्राइव्हपेक्षा गूगल फोटोचा शेअर केलेला अल्बम सोपा पडतो. तिथे बॅकअपचा दर्जा 'स्टोरेज सेव्हर' असेल तर फोटो १६ मेगापिक्सेलपर्यंत आणि व्हिडिओ १०८०पीपर्यंत लहान होतात. बघायला उत्तम, मूळ प्रत म्हणून नाही.

व्हॉट्सअॅप

व्हॉट्सअॅपवर २ जीबीपर्यंतची फाइल जाते, पण फक्त 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवली तरच ती जशीच्या तशी पोचते. गॅलरीतून फोटो पाठवला की साध्या दर्जात त्याची लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलवर येते. ३०० डीपीआयने छापायला ते सव्वापाच इंच होतात. ए-४ पानाच्या रुंदीलाच २४८० पिक्सेल लागतात. अंकासाठी लेखकाने किंवा चित्रकाराने असा फोटो पाठवला तर तो पान भरून छापता येणार नाही, आणि सॉफ्टवेअरने मोठा करून गेलेला तपशील परत येत नाही. एचडी निवडलं तर बरं, पण तेही मूळ नव्हे.

डॉक्युमेंट म्हणून पाठवायला अॅटॅचमेंटच्या पिनवर जाऊन डॉक्युमेंट निवडायचं आणि तिथून फोटोची फाइल शोधायची. एक लक्षात असू द्या: अशा पाठवलेल्या फोटोत कॅमेऱ्याने नोंदलेलं ठिकाण तसंच राहतं. घराच्या पत्त्याबद्दल काळजी असेल तर पाठवण्याआधी लोकेशन काढून टाका. आयफोनचे फोटो एचईआयसी प्रकारात असतात आणि जुन्या विंडोजवर उघडत नाहीत. सेटिंग्ज, कॅमेरा, फॉरमॅट्स, 'मोस्ट कम्पॅटिबल' केलं की पुढचे फोटो जेपेगमध्ये निघतात.

समोरच्याने फाइल लगेच उतरवून घ्यायला हवी. बऱ्याच दिवसांनी गेलं तर ती सर्व्हरवर नसते आणि पुन्हा पाठवायला सांगावं लागतं. टेलिग्राममध्ये हीच मर्यादा मोफत खात्याला २ जीबी आणि पैसे भरलेल्या खात्याला ४ जीबी आहे.

काही दिवसच टिकणाऱ्या लिंका

वुईट्रान्सफरसारख्या सेवा एकदाच द्यायच्या फाइलला सोयीच्या: खातं नसलं तरी समोरचा बटण दाबून उतरवतो, परवानगीची भानगड नाही. मोफत आकार आणि मुदत बदलत राहते, त्यामुळे पाठवताना पानावर जे लिहिलंय तेच खरं धरा आणि शेवटची तारीख समोरच्याला निरोपात लिहून कळवा. शुक्रवारी संध्याकाळी पाठवलेली तीन दिवसांची लिंक सोमवारी दुपारी प्रेस उघडेपर्यंत संपत आलेली असते.

या सेवांवर साठवणीसाठी अवलंबून राहू नका. मे २०२० मध्ये दूरसंचार विभागाने वुईट्रान्सफर भारतात बंद करायला सांगितलं आणि टाळेबंदीत घरून काम करणाऱ्या डिझायनरांची पंचाईत झाली. पुढच्याच महिन्यात, २९ जूनला, बंदी घातलेल्या ५९ अॅपमध्ये शेअरइट आणि झेंडर होती. त्याआधी गावोगावी सिनेमे आणि फोटो याच दोन अॅपमधून फिरत असत. मोझिलाची मार्च २०१९ मध्ये सुरू झालेली फायरफॉक्स सेंड ही चांगली सेवाही सप्टेंबर २०२० मध्ये कायमची बंद झाली, कारण तिच्यातून घातक सॉफ्टवेअर वाटलं जाऊ लागलं होतं. मूळ फाइल नेहमी आपल्याकडे असली पाहिजे.

एकाच खोलीत असाल तर

मग इंटरनेट कशाला? लोकलसेंड हे मोफत आणि मुक्तस्रोत अॅप विंडोज, मॅक, लिनक्स, अँड्रॉइड आणि आयफोन सगळीकडे चालतं. दोन्ही यंत्रं एका वाय-फायवर हवीत, बस. अँड्रॉइडवाल्यांना क्विक शेअर, अॅपलवाल्यांना एअरड्रॉप आहेच. वाय-फाय नसेल तर एका फोनचा हॉटस्पॉट चालू करून त्याचा मोबाइल डेटा बंद करा आणि दुसरं यंत्र त्याला जोडा. पॅकमधला एक एमबीही जात नाही.

यंत्रं एकमेकांना दिसत नसतील तर कारण बहुधा दोनांपैकी एक. हॉटेल, कॉलेज, कार्यालयातल्या पाहुण्यांच्या वाय-फायवर यंत्रांना एकमेकांशी बोलू दिलं जात नाही, तिथे हॉटस्पॉटच करा. किंवा विंडोजने ते नेटवर्क 'पब्लिक' धरलेलं असतं, त्यामुळे फायरवॉल अडवतं. घरच्या वाय-फायला 'प्रायव्हेट' करा.

दोन गावांतल्या दोन कार्यालयांत रोज मोठ्या फाइलींची देवाणघेवाण असेल तर दोन यंत्रांवरची फोल्डरं सारखी ठेवणारं सिंकथिंग हे सॉफ्टवेअर बघण्याजोगं आहे. मधे कुणाचा साठवणीचा सर्व्हर नाही, आणि तुटलं तिथून पुढे चालू होतं. दोन्ही यंत्रं एकाच वेळी चालू लागतात. इकडे पुसलेली फाइल तिकडेही पुसली जाते, म्हणून त्याला बॅकअप समजू नये.

पेनड्राइव्ह आणि कुरिअर

१ टीबी डेटा २० मेगाबिटच्या अपलोडने चढवायला साडेचार दिवसांहून जास्त लागतात. पुण्याहून नागपूरला हार्डडिस्क कुरिअरने त्याआधी पोचते. व्हिडिओच्या कच्च्या फुटेजला अजूनही हाच मार्ग शहाणपणाचा. डिस्क बबलरॅपमध्ये गुंडाळून घट्ट खोक्यात घाला, आणि पोचल्याचं कळेपर्यंत आपली प्रत पुसू नका. खाजगी काही असेल तर बिटलॉकर किंवा व्हेराक्रिप्ट या सॉफ्टवेअरने डिस्क पासवर्ड घालून कुलूपबंद करा.

पेनड्राइव्हवर ३२ जीबी जागा मोकळी असूनही ५ जीबीचा व्हिडिओ 'फार मोठा आहे' म्हणून कॉपी होत नाही, याचं कारण फॅट-३२. या पद्धतीत एका फाइलला ४ जीबीची सीमा आहे. उपाय: पेनड्राइव्हवर राइट क्लिक, फॉरमॅट, आणि फॅट-३२ ऐवजी एक्सफॅट ही पद्धत निवडा. यात पेनड्राइव्हवरचं सगळं जातं, आधी रिकामी करून घ्या. जुना टीव्ही एक्सफॅट वाचत नसेल तर व्हिडिओचेच ४ जीबीहून लहान भाग करावे लागतात. कॉपी झाल्यावर 'इजेक्ट' करूनच काढा. पडद्यावर काम संपल्याचं दिसलं तरी शेवटचा भाग लिहिला जात असू शकतो. आणि काही शे रुपयांत मिळणारे २ टीबीचे पेनड्राइव्ह घेऊ नका. त्यांची खरी क्षमता त्यामानाने नगण्य असते, पुढचा डेटा लिहिल्याचं नाटक होतं. शंका असेल तर एचटूटेस्टडब्ल्यू नावाचं छोटं सॉफ्टवेअर पूर्ण ड्राइव्ह भरून वाचून बघतं.

छपाईची फाइल आणि एमआरआय

मराठी छपाईत फाइल पोचूनही काम अडतं, ते फॉन्टमुळे. श्री-लिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमधला मजकूर प्रेसच्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट नसेल तर निरर्थक रोमन चिन्हांत उघडतो. कोरलड्रॉमध्ये सगळं निवडून कंट्रोल-क्यू केलं की अक्षरांच्या आकृत्या होतात. त्यानंतर मजकूर दुरुस्त करता येत नाही, म्हणून ही प्रत वेगळ्या नावाने ठेवा. कोरलमध्ये कुलूप लावलेले थर आणि पॉवरक्लिप नावाच्या चौकटीच्या आतला मजकूर कधी कधी निवडीतून सुटतो, तेवढा डोळ्यांनी तपासा. पीडीएफ देत असाल तर अॅक्रोबॅट रीडरमध्ये फाइल, प्रॉपर्टीज, फॉन्ट्स उघडा. प्रत्येक नावापुढे 'एम्बेडेड', म्हणजे फॉन्ट फाइलमध्येच भरलेला, असं दिसायला हवं. इनडिझाइनची मूळ फाइल द्यायची असेल तर 'पॅकेज' करून सगळं फोल्डर द्या. नुसती फाइल दिली तर जोडलेली चित्रं मागे राहतात आणि छपाईत पडद्यावरची अंधुक प्रतच उमटते.

फाइलींची नावं रोमन लिपीत आणि आटोपशीर ठेवा. देवनागरी नावं जुन्या विंडोजच्या झिपमध्ये जातच नाहीत किंवा तिकडे उघडताना मोडतात. विंडोजमध्ये फोल्डरांसकट पूर्ण पत्त्याला साधारण २६० अक्षरांची सीमा आहे. 'पाथ फार लांब' अशी तक्रार आली तर झिप थेट सी ड्राइव्हवर छोट्या नावाच्या फोल्डरमध्ये उलगडायची.

एमआरआय किंवा सीटी स्कॅन दुसऱ्या शहरातल्या डॉक्टरांना पाठवायचा असेल तर फिल्मचे मोबाइलवर काढलेले फोटो पाठवू नका. सीडीवर डायकॉम या वैद्यकीय चित्रांच्या प्रकारातल्या शेकडो प्रतिमा असतात आणि डॉक्टर त्या एकामागून एक सरकवून, उजेड-अंधार बदलून बघतात. डायकॉमडिर नावाच्या फाइलसह प्रतिमांचं अख्खं फोल्डर झिप करा. सीडीवर बघण्याचं सॉफ्टवेअरही असतं, त्याच्या ईएक्सई फाइली वगळा. जीमेल अशा फाइली झिपच्या आतही अडवतं, आणि डॉक्टरांकडे स्वतःचं सॉफ्टवेअर असतंच. या प्रतिमांच्या आत रुग्णाचं नाव आणि जन्मतारीख असते, म्हणून इथे 'एनीवन विथ द लिंक' नको. डॉक्टरांचा ईमेल पत्ता घालून रिस्ट्रिक्टेडच शेअर करा.

कुलूप आणि खात्री

आधार, पॅन, दस्त, वैद्यकीय कागद सेव्हन-झिपने कुलूपबंद करूनच पाठवा. फाइलवर राइट क्लिक, सेव्हन-झिप, 'अॅड टु आर्काइव्ह', प्रकार ७झेड, पासवर्ड घाला, आणि 'एन्क्रिप्ट फाइल नेम्स'वर खूण करा म्हणजे आतली नावंही दिसत नाहीत. अशी फाइल जीमेल अटॅचमेंट म्हणून अडवतं, तिला ड्राइव्हनेच पाठवावं लागतं. झिप प्रकारच हवा असेल तर कुलपाच्या (एन्क्रिप्शनच्या) पद्धतीत झिपक्रिप्टोऐवजी एईएस-२५६ निवडा, झिपक्रिप्टो कमकुवत आहे. लिंक मेलने गेली तर पासवर्ड फोनवर सांगा. दोन्ही एकाच मेलमध्ये लिहिलं तर कुलूप लावलं काय आणि न लावलं काय.

फाइलचे तुकडे करायचे झाले तर त्याच खिडकीत खाली 'स्प्लिट टु व्हॉल्यूम्स' आहे. २ जीबीच्या मर्यादेत बसवायला १९००एम असं लिहा. निघालेले सगळे तुकडे समोरच्याने एकाच फोल्डरमध्ये ठेवून फक्त ००१ वर राइट क्लिक करून उलगडायचं. 'अनएक्स्पेक्टेड एंड ऑफ डेटा' असं आलं तर एखादा तुकडा अर्धा किंवा गायब आहे. विंडोजचं स्वतःचं झिप हे तुकडे उघडत नाही, समोरच्याकडेही सेव्हन-झिप हवं.

पोचलेली फाइल अचूक तीच आहे का, हे बघायला फाइलवर राइट क्लिक, सेव्हन-झिपचा 'सीआरसी एसएचए' पर्याय, त्यात एसएचए-२५६. त्या फाइलच्या ठशासारखी ६४ अक्षरांची ओळ येते. दोन्हीकडची पहिली सहा आणि शेवटची सहा अक्षरं फोनवर वाचून जुळली तर वाटेत काही बिघडलेलं नाही. एवढं करणं शक्य नसेल तर प्रॉपर्टीजमधला 'साइझ' बाइटांपर्यंत जुळवा, 'साइझ ऑन डिस्क' नव्हे, तो दोन यंत्रांवर वेगळा असू शकतो.

समोरच्याने फाइल उतरवली, उघडली, आणि शेवटचं पान किंवा शेवटचा मिनिट बघितला असं कळवल्यावरच लिंक बंद करायची. ड्राइव्हमध्ये शेअर उघडून 'जनरल अॅक्सेस' परत रिस्ट्रिक्टेड करा, वर जोडलेली नावं काढा, मग मूळ प्रत आपल्या डिस्कवर आहे ना ते बघून ड्राइव्हवरची पुसा. पुसलेली फाइल ट्रॅशमध्ये ३० दिवस राहते आणि तोवर १५ जीबीतली तिची जागा अडलेलीच असते, म्हणून पुढचा अपलोड लावण्याआधी ट्रॅशही रिकामा करून घ्या.